वाढमावशीची गोळी

वाढमावशीच्या तोंडी 'फुटणे' हा शब्द नव्हता. 'संपणे' नव्हता, 'बंद होणे'ही नव्हता. ती जातीची कासारीण. बांगडी फुटली तर कासारीण 'वाढली' म्हणते, त्यात नवल नाही. नारळसुद्धा आपण वाढवतोच. पण मावशीनं तो शब्द बांगडी-नारळापुरता ठेवला नव्हता. डब्यातलं पीठ संपलं की 'पीठ वाढलं'. दुपारी दुकानाचा पडदा ओढला की 'दुकान वाढवलं'. फोनचा रिचार्ज संपला की 'फोन वाढला'. एकदा सकाळपासून लाईट नव्हती. गावात नवीन आलेल्या ग्रामसेवकांनी जाता जाता विचारलं, "मावशी, लाईट आहे का?" ती म्हणाली, "सकाळधरनं वाढलीय, साहेब." बिचारे पळत खोलीवर गेले आणि टीव्हीची पिन काढून बसले.

म्हणून ती वाढमावशी. तिचं खरं नाव मी पहिल्यांदा दवाखान्याच्या फायलीवर वाचलं. मी चौथी शिकलेली, त्यामुळे अक्षर अक्षर लावून वाचलं, आणि ते नाव तिचं वाटेना. दुसऱ्याच कुणा बाईची फाईल आपण उचलून आणली की काय, असं वाटलं.

आमचं गाव नांदूरघाटच्या अलीकडे. एसटी थांब्याजवळ मावशीची पत्र्याची टपरी होती आणि टपरीच्या मागच्या गल्लीत आमचं घर. बाजारच्या दिवशी ती गाठोडं घेऊन नांदूरघाटला जायची, इतर दिवशी टपरीत बसायची. सासूबाई सांगायच्या की आधीची कासारीण आमच्या बौद्धवाड्यात उंबऱ्याच्या बाहेर बसून बांगड्या भरायची. मावशी पहिल्या दिवशीच आत आली, भिंतीला टेकून बसली आणि चहा मागितला. सासूबाई गडबडल्या तर म्हणाली, "हात हातात घेतल्यावर मागं काय ऱ्हातं गं? चहा टाक."

माझं लग्न होऊन मी या घरी आले तेव्हाची गोष्ट. मला माणसांसमोर बोलता यायचं नाही. अजूनही फारसं येत नाही. मावशीनं बांगड्या भरायला माझा हात घेतला, तर तो लाकडासारखा ताठ. तिनं विचारलं, "म्हायेर कोनचं गं पोरी?" मी गप्प. सासूबाई सांगायला लागल्या तर मावशीनं त्यांना थांबवलं. मग हात न सोडता ती एकेका गावाचं नाव घेत गेली. केज, होळ, तेलगाव, अशी कितीतरी. माझ्या गावाचं नाव आलं तेव्हा मी काहीच बोलले नाही, पण हात आपोआप सैल पडला. त्याच क्षणी बांगडी आत. "सापडलं!" मावशी ओरडली. "तोंड मुकं हाय, पर हात बोलका हाय." तेव्हापासून तिनं मला 'मुके' म्हणूनच हाक मारली. त्या हाकेचा राग मला कधी आला नाही.

हीच तिची कला होती. माहेराचं नाव निघालं की बाईचा हात मऊ पडतो, हे तिला ठाऊक होतं. अडीचचा हात असला तरी ती सव्वादोनची बांगडी चढवायची, आणि बाईला कळायचंसुद्धा नाही. ती आपली भावाच्या शेतातल्या चिंचेबद्दल सांगत असायची.

मावशीचे मालक लवकर गेले. तेव्हा बायका तिच्या बांगड्या वाढवायला आल्या, तर हिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. म्हणाली, "मालक गेले, धंदा न्हाई गेला. माल दाखवायला हात लागतो. दुकानाची काच कुनी रिकामी ठेवतं का?" लोक पुष्कळ बोलले. ती मनगट भरून हिरव्या बांगड्या घालून टपरीत बसत राहिली, आणि ज्या बायका बोलल्या त्यांच्या सुनांना हिच्याशिवाय दुसरीच्या हातची बांगडी चालेनाशी झाली.

तिला डाव्या छातीत गाठ लागली तेव्हा तिनं ती आधी मलाच दाखवली. म्हणाली, "हात लावून बघ, मुके. काचेच्या मण्यावानी लागतंय." मी हात लावला आणि लगेच मागे घेतला. पुण्याहून तिची लेक आली. ऑपरेशन झालं, सलाईनी झाल्या, शेक झाले. लेकीलाही तिचं घरदार, नोकरी. ती परत गेली. मग दर तीन महिन्यांनी मावशीबरोबर मोठ्या दवाखान्यात जायचं काम माझ्याकडे आलं. मांजरसुंब्याला गाडी बदलून जावं लागायचं. डाव्या हातात घट्ट काही घालायचं नाही, हात सुजेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून मावशीनं डाव्या हातातल्या बांगड्यासुद्धा उजव्या हातात घातल्या. कोपराकडे सरकत गेलेली ती हिरवी रांग अजून डोळ्यांपुढे आहे.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शहरातल्या. त्यांनी एक गोळी लिहून दिली. रोज एक, पाच वर्षं. मावशीनं विचारलं, "कशाची हाय?" त्यांनी समजावून सांगितलं. बाईच्या अंगात बाईपणाचा एक रस असतो. पाळी गेली की तो कमी होतो, पण पुरता जात नाही. चरबीत, इकडेतिकडे थोडा थोडा तयार होतच राहतो. मावशीची गाठ त्या रसावर पोसणारी होती. ही गोळी तो रस तयारच होऊ देत नाही, म्हणजे कुठे एखादा कण राहिला असेल तर तो उपाशी मरतो.

मावशी बाहेर आल्यावर म्हणाली, "पाळी गेली तवा वाटलं, सुटलो बाई. पेढे वाटावं वाटलं व्हतं. आता ही म्हन्ती, अजून हायच."

गोळी विसरू नये म्हणून मी तिच्या टपरीत कॅलेंडर लावलं. गोळी घेतली की त्या तारखेवर एक टिकली चिकटवायची. टिकल्या तर तिच्याकडे पाकिटंच्या पाकिटं. सोमवारी पांढरी, मंगळवारी लाल, असं तिनंच ठरवून टाकलं. महिना भरला की कॅलेंडर नवरीच्या कपाळासारखं दिसायचं. गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, ही कसली नक्षी?" ती म्हणायची, "माझा मळवट हाय."

पहिले काही महिने बरे गेले. भर थंडीत तिच्या अंगातून एकदम वाफा निघायच्या, तेव्हा बांगड्यांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडून ती वारा घेत बसायची. त्याचं तिला काही वाटलं नाही. पण मग बोटं धरली. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. अंगठ्याचं मूळ सुजायचं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ह्या गोळीनं होतं काहींना, गरम पाण्यात हात धरा, चालत जा. कॅल्शियम दिलं. मावशी गरम पाण्यात हात धरायची आणि पाण्यात बोटं अशी हलवायची, जशी काही बांगडीच फिरवतेय.

एका लग्नघरी नवरीला चुडा भरायला गेली. मी सोबत होते, बांगड्यांची पेटी धरायला. नवरीचा हात लहानसा, मऊ. एरवी डोळे मिटून भरला असता. पहिल्या बांगडीला मावशीचा अंगठा घसरला आणि बांगडी वाढली. दुसरी वाढली. तिसरीचा तुकडा नवरीच्या मनगटात घुसला आणि रक्त आलं. नवरीच्या आईचा चेहरा पडला. कुणीतरी हळूच म्हणालं, "चुड्यालाच असं?" मावशीनं नवरीचं मनगट आपल्या पदरानं पुसलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. घरचं एक माणूस मोटारसायकल काढून केजहून दुसरी कासारीण घेऊन आलं. येताना मावशी वाटभर अंगठ्याचं मूळ चोळत होती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी माझं लक्ष कॅलेंडरकडे गेलं. महिना अर्धा झाला होता आणि तारखा कोऱ्या होत्या. एकही टिकली नाही. मी बोटानं दाखवलं.

"वाढवली," मावशी म्हणाली. "गोळी वाढवली मी. बघ." तिनं मूठ वळून दाखवली, उघडून दाखवली, पुन्हा वळून दाखवली. "आता वळती बघ. लई बरं हाय."

मी म्हणाले, "अन् गाठ?"

"गाठ काढून टाकलीय की त्यांनी. आता बोटंबी काढून देऊ का? मी काय बोटाबिगर बसून खाऊ? लेकीच्या दारात जाऊन बसू?" मग तिचा आवाज खाली आला. "कुनाला बोलू नको. तसंबी तू बोलत न्हाईस, म्हनून तर तुला सांगितलं."

हे ती थट्टेनं म्हणाली, पण मला ते लागलं. दीड महिना मी रोज ते कोरं कॅलेंडर बघत होते. घरी सांगितलं नाही, पुण्याला लेकीला फोन केला नाही. फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. मावशीची बोटं मात्र सुधारत होती. तिनं पुन्हा बाजार धरला. बायका खूश, ती खूश. मी तिच्याकडे बघायची आणि मला तो काचेचा मणी बोटाला लागल्यासारखा वाटायचा.

मग दवाखान्याची तारीख आली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, फाईल उघडली आणि विचारलं, "मावशी, गोळी रोज चालू आहे ना?"

मावशीला खोटं बोलता यायचं नाही. बारीकशी चीर असलेली बांगडीसुद्धा ती दाखवून विकायची. ती म्हणाली, "खरं सांगू का? दोन महिनं झालं, गोळी वाढवलीय मी."

डॉक्टरीणबाईंचा पेन थांबला. "वाढवली? कुणाला विचारून?"

"कुनाला इचारायचं? बोटं माझी, गोळी माझी."

"अहो मावशी, असं मनानं वाढवायचं नसतं! रोज एक म्हणजे एकच. जास्त घेतली म्हणून जास्त गुण येत नाही. आजपासून वाढवायची नाही. कळलं?"

मावशीनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काय झालं ते तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. तिच्या डोळ्यांत मला ती चमक दिसली, जी ग्रामसेवक पळाले तेव्हा दिसली होती. "बरं बाई," ती गरिबासारखी म्हणाली, "न्हाई वाढवत." आणि फाईल उचलून उठली.

मी तिच्यामागे दारापर्यंत गेले. पुढची पेशंट आत येऊन बसलीसुद्धा. माझे पाय दारात अडकले. आयुष्यात मी कुणा शिकलेल्या माणसाशी आपण होऊन बोलले नव्हते. मुलांच्या शाळेतसुद्धा मी पदर धरून मागे उभी राहायची.

"बाई," मी म्हणाले, "वाढवली म्हंजे सोडली."

"काय?" डॉक्टरीणबाईंना ऐकूच आलं नाही. मग मला पुन्हा बोलावं लागलं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. "तिनं गोळी सोडलीय. दोन महिन्यात एकबी घेतली न्हाई. तिची बांगडी फुटली तरी ती वाढलीच म्हनती."

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं आणि आम्हाला परत बसवलं. मावशी माझ्याकडे बघेना.

"मावशी," त्या म्हणाल्या, "गोळी नाही घेतली तर ती गाठ पुन्हा वाढू शकते."

मावशीनं मान वर केली. "कोनचं वाढनं? तुमचं का आमचं?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझं."

मावशीचे हात मांडीवर होते, तसेच राहिले. त्या दिवशी तिला पहिल्यांदा खरं कळलं असावं. तिच्या शब्दकोशात वाढणं म्हणजे शेवट होता. डॉक्टरांच्या तोंडचं वाढणं म्हणजे सुरुवात होती, आणि ती तिला नको होती.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. बोटांसाठी गोळी सोडणारी ही पहिली बाई नाही, म्हणाल्या. झाले ते दोन महिने सुटी धरा, आता त्याच जातीची, पण वेगळी गोळी देते, काहींना ती सोसते. सकाळ-संध्याकाळ चालायचं. हाडांची तपासणी करायची.

"गोळ्यातबी जाती हायत का?" मावशी म्हणाली. "मला वाटलं आपल्यातच."

डॉक्टरीणबाई हसल्या. मी नाही हसले.

परतीच्या एसटीत मावशी माझ्याशेजारी बसली नाही. पुढच्या सीटवर बसली. मांजरसुंब्याला उतरलो, ढाब्यापुढच्या बाकावर बसलो. तिनं दोन चहा सांगितले, बशीत ओतला, फुंकर मारली आणि चहाकडे बघतच विचारलं, "इतकी वर्षं मुकी व्हतीस. आजच कावून वाचा फुटली गं तुला?"

मी काही बोलणार तेवढ्यात ती स्वतःच थबकली. बशी तशीच हातात. तिच्या तोंडून 'फुटली' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि बहुतेक तीसुद्धा. तिनं उजव्या हातातल्या बांगड्या चाचपल्या, सगळ्या अख्ख्या आहेत का बघितलं.

"फुटलीच म्हनावं लागतं," ती पुटपुटली. "वाचा वाढली म्हनलं तर वाचा गेली असं व्हईल."

आणि ती हसायला लागली. बशीतला चहा लुगड्यावर सांडेपर्यंत हसली. मी रडत होते. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको, मुके. गोळी मी घेते. पर माझी बोटं तुझ्यापायी गेली, आता तुझी बोटं दे."

मला वाटलं, चेष्टा करतेय. दुसऱ्या दिवशी तिनं मला टपरीत बसवलं.

नवी गोळी तिला जरा बरी सोसली, पण बोटं पहिल्यासारखी झाली नाहीत. म्हणून ती माल निवडायची, भाव करायची, आणि भरायचं काम मला. हात कसा धरायचा, अंगठा तळव्यात कसा दुमडायचा, बांगडी कुठे तिरपी करायची, ते मला लवकर जमलं. जमेना ते बोलणं. "अगं म्हायेर इचार तिचं!" ती मागून ओरडायची. "मुक्यानं भरशील तर सगळा माल वाढंल!" खरंच पुष्कळ वाढला. मग मी विचारायला शिकले. आधी खाली बघून, मग तोंडाकडे बघून. मी बौद्धवाड्यातली हे कळताच एका बाईनं हात मागे घेतला, म्हणाली, मावशीच भरू दे. मावशी म्हणाली, "माझ्या हातात आता जोर न्हाई आन् तिच्या हातात हाय. तुला बांगडी पायजे का वाडा?" ती बाई गेली. पुढच्या बाजाराला परत आली.

एक गोष्ट मावशीनं शेवटी शिकवायची म्हणून राखून ठेवली होती, अख्ख्या बांगड्या काढायची. "घालाया कुनालाबी येतंय," ती म्हणायची. "घट्ट झालेली, हाडाला अडकलेली बांगडी न वाढवता काढशील, तवा तू कासारीण." तिच्या अंगठ्याचं मूळ सुजून जाड झालं होतं, त्यामुळे स्वतःच्या हातातल्या बांगड्या तिला आता काढता येत नव्हत्या. "ही तुझी परीक्षा," ती हात पुढे करून म्हणायची. मी हात लावला की मात्र मागे घ्यायची. "आत्ता न्हाई."

कॅलेंडरं बदलत गेली. टिकल्यांनी भरलेली जुनी कॅलेंडरं तिनं टपरीच्या पत्र्याला आतून चिकटवली. पाच वर्षं झाली त्या तारखेला आम्ही दवाखान्यात गेलो. तपासण्या सगळ्या नीट होत्या. डॉक्टरीणबाईंच्या केसांत तोवर पांढरी छटा आली होती. त्यांनी फाईल मिटली आणि म्हणाल्या, "मावशी, आजपासून गोळी वाढवायची."

मावशी दचकली. माझ्याकडे बघत म्हणाली, "कोनचं वाढनं गं, मुके?"

"तुमचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मावशीनं पिशवीतून हिरव्या बांगड्यांची जोडी काढली आणि त्यांचा हात हातात घेतला. बोटं वळत नव्हती, तरी ती जोडी तिनंच भरली. वेळ लागला. बाहेर पेशंट ताटकळले होते. ती विचारत होती, "म्हायेर कोनचं म्हनायचं, बाई?" आणि डॉक्टरीणबाई सांगत होत्या.

त्यानंतर मावशी तीन वर्षं जगली. गाठ परत आली नाही. नातीच्या लग्नाला पुण्याला जाऊन आली, चुडा मी भरला, ती शेजारी बसून सूचना देत होती. गेल्या थंडीत एका सकाळी ती चहाला टपरीत आली नाही. मी घरी गेले तर अंथरुणातच होती. शांत दिसत होती.

बायका जमल्या. लेक वाटेत होती. आंघोळ घालायच्या आधी एक म्हातारी म्हणाली, "बांगड्या वाढवा तिच्या." कुणीतरी दगड आणायला उठलं.

मी मावशीचा उजवा हात मांडीवर घेतला. थंड होता, पण अजून वळत होता. तळव्याला तेल लावलं. अंगठा दुमडला. पहिली बांगडी अंगठ्याच्या मुळापाशी अडकली. बाजूला सगळ्या बायका होत्या, तरी मी तिच्या कानाजवळ वाकून विचारलं, "मावशी, म्हायेर कोनचं गं?" आणि मीच सांगितलं, "तेलगाव." तिच्या आईचं नाव घेतलं, तिनंच सांगितलेल्या त्यांच्या दारातल्या कडुनिंबाचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं बोलत राहिले. एकेक बांगडी निघत गेली.

"वाढवल्या का गं?" म्हातारीनं दारातून विचारलं.

"न्हाई," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "काढल्या."